अर्भकातील स्व-जाणिवेचा विकास

अर्भकातील स्व-जाणिवेचा विकास म्हणजे आपण इतरांपासून वेगळी, स्वतःहून कृती करू शकणारी आणि इतरांच्या नजरेला दिसणारी व्यक्ती आहोत, हे बालकाला जन्मापासून साधारणपणे तिसऱ्या वर्षापर्यंत क्रमाक्रमाने उमगण्याची प्रक्रिया होय. विकासात्मक मानसशास्त्र, मनोविश्लेषण, मानवशास्त्र आणि भाषाविज्ञान या शाखांत तिचा अभ्यास केला जातो. आधी 'मी' तयार होतो आणि मग तो इतरांशी नाती जोडतो, असा या विकासाचा क्रम नसतो. सांभाळणाऱ्या माणसांच्या स्पर्शातून, नजरेतून आणि प्रतिसादातूनच 'मी' आकार घेतो, याविषयी या क्षेत्रातील बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. ही माणसे किती असतात, ती कोण असतात आणि बाळाला दिवसभरात किती वेळ मिळतात, हे मात्र समाजानुसार व उपजीविकेनुसार बदलते. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांत शेती, घरगुती कारखानदारी, औद्योगिक नोकरी आणि हंगामी स्थलांतर या चारही प्रकारची कुटुंबे शेजारी शेजारी राहत असल्याने हा फरक तेथे स्पष्टपणे दिसतो.

## संकल्पना

'स्व' ही एकसंध गोष्ट नसून तिचे अनेक पदर आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ उलरिक नाइसर यांनी १९८८ मध्ये स्व-ज्ञानाचे पाच प्रकार सांगितले. शरीर व परिसर यांच्या संबंधातून येणारी जाणीव हा पहिला प्रकार होय. समोरच्या माणसाशी चाललेल्या देवाणघेवाणीतून येणारी जाणीव हा दुसरा. हे दोन्ही प्रकार अगदी लहान वयात आढळतात. काळाच्या ओघात टिकून राहणारा 'मी', इतरांना न दिसणारा खाजगी 'मी' आणि स्वतःविषयीच्या कल्पनांतून बनलेला 'मी' हे उरलेले तीन प्रकार नंतर विकसित होतात.

त्यामुळे 'बाळाला स्वतःची जाणीव कधी होते?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शरीराच्या सीमेची जाणीव जन्मतःच काही प्रमाणात असते, तर 'मी काल पडलो होतो' असे सांगण्यासाठी लागणारी जाणीव भाषा आल्यानंतरच येते.

## अभ्यासाचा इतिहास

इतरांच्या नजरेतून माणूस स्वतःला पाहतो, ही कल्पना समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये आरशाच्या उपमेने मांडली. जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी तिचा विस्तार केला. समोरच्याची भूमिका मनाने घेऊन पाहता येऊ लागली की माणूस स्वतःकडे बाहेरून पाहू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी प्रत्येक मानसिक क्षमता आधी दोन माणसांमध्ये आणि नंतर एका माणसाच्या आत अवतरते, असा सिद्धान्त मांडला.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांच्या मते एकट्या अर्भकाचा विचारच करता येत नाही. विचार करावा लागतो तो अर्भक आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती या जोडीचा. आईचा चेहरा हा बाळाचा पहिला आरसा असतो, हा विचार त्यांनी १९६७ मध्ये मांडला. जॉन बोल्बी यांचा आसक्ती-सिद्धान्त १९६९ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागला. मार्गारेट माहलर यांनी १९७५ च्या ग्रंथात बाळ आरंभी आईशी एकरूप असते आणि हळूहळू वेगळे होते, असे प्रतिपादन केले. डॅनियल स्टर्न यांनी १९८५ मध्ये हे मत खोडून काढले. पहिल्या दिवसापासून बाळाला स्वतःच्या वेगळेपणाचा काही अंदाज असतो आणि त्यातूनच ते इतरांच्या जवळ येते, असे त्यांनी अर्भकांवरील प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले. भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आणखी एक पाऊल टाकले. बाळ इतरांचे निरीक्षण करून त्यांच्या मनाविषयी अनुमान काढत नाही, तर कोणी त्याला 'तू' म्हणून थेट संबोधते तेव्हाच त्याला दुसऱ्याचे मन आणि स्वतःचे अस्तित्व एकत्र जाणवते, असे त्यांचे म्हणणे आहे.

## विकासाचे टप्पे

पुढील वयोमर्यादा सरासरीच्या आहेत. निरोगी बालकांमध्येही त्यांत बराच फरक आढळतो.

जन्म ते दोन महिने. नवजात बाळाच्या गालाला दुसऱ्याने स्पर्श केल्यास ते तोंड त्या बाजूला वळवते. स्वतःचाच हात गालाला लागला तर तसे कमी वेळा घडते. फिलिप रोशा आणि सुसान हेस्पोस यांनी १९९७ मध्ये हा फरक नोंदवला. स्वतःच्या स्पर्शात हात आणि गाल या दोन्ही ठिकाणांहून संवेदना येते, दुसऱ्याच्या स्पर्शात एकाच ठिकाणाहून येते, हे त्याचे कारण होय. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांच्या १९८० च्या प्रयोगात नवजात बाळांनी अनोळखी स्त्रीच्या आवाजापेक्षा आईच्या आवाजाला पसंती दिली. म्हणजेच स्वतःच्या शरीराची सीमा आणि ओळखीचे माणूस या दोन्हींचा आरंभ सोबतच होतो.

दोन ते सहा महिने. या काळात बाळ समोरच्याकडे पाहून हसते, हुंकार देते आणि उत्तराची वाट पाहते. शब्दांविना चालणाऱ्या या पाळीपाळीच्या संवादाचे वर्णन कोल्विन ट्रेवार्थन यांनी केले आहे. दोन ते चार महिन्यांची बाळे कोणी उचलून घ्यायला पुढे आले की उचलण्याआधीच अंग सावरून घेतात, हे रेड्डी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले. दुसऱ्याच्या कृतीचे लक्ष्य आपण आहोत, याची ही शारीरिक जाणीव होय. साडेचार महिन्यांची बाळे इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाकडे अधिक लक्ष देतात, असे १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. नावाचा अर्थ त्यांना कळत नसतो. पण हा ध्वनी वारंवार आपल्या दिशेने येतो, हे त्यांनी टिपलेले असते.

सात ते बारा महिने. साधारण नवव्या महिन्यापासून बाळ आणि मोठे माणूस मिळून एखाद्या तिसऱ्या गोष्टीकडे लक्ष देऊ लागतात. बाळ चंद्राकडे बोट दाखवते, वस्तू पुढे करून मागे घेते, अनोळखी वस्तू दिसल्यास आईच्या चेहऱ्याकडे पाहून ती भीतीदायक आहे की नाही याचा अंदाज घेते. अनोळखी माणसाविषयीचे भय आणि ठरावीक माणसांविषयीची ओढ याच काळात स्पष्ट होते.

बारा ते चोवीस महिने. बाळ 'नाही' म्हणू लागते, 'माझं' म्हणून वस्तू ओढून घेते आणि आरशातील प्रतिमा आपली आहे हे ओळखू लागते. मायकेल लुईस व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवल्याप्रमाणे लाजणे व संकोचणे ही भावना मुख्यतः आरशात स्वतःला ओळखणाऱ्या बालकांत दिसते.

दोन ते तीन वर्षे. सर्वनामे स्थिर होतात. घरातील माणसे 'आपण जत्रेला गेलो होतो, तेव्हा तू काय केलंस?' असे विचारत राहतात. या संभाषणांतून मुलाची आठवण गोष्टीचे रूप घेते आणि भूतकाळ असलेला 'मी' तयार होऊ लागतो.

## नात्यांचे कार्य

बाळ रडते तेव्हा आई त्याच्यासारखा रडका चेहरा करते, पण थोडा अतिशयोक्त आणि लगेच आश्वासक. हंगेरियन मानसशास्त्रज्ञ ग्यॉर्गी गेर्गेली आणि जॉन वॉटसन यांच्या १९९६ च्या मांडणीनुसार हा अतिशयोक्त सूर महत्त्वाचा असतो. तो आईच्या स्वतःच्या दुःखाचा नसून बाळाच्या भावनेचे प्रतिबिंब आहे, हे त्यातून बाळाला कळते. पोटात होणारी अस्वस्थता 'भूक' किंवा 'राग' म्हणून वेगळी ओळखण्यास बाळ अशा रीतीने शिकते.

हा प्रतिसाद थांबला तर काय होते, हे एडवर्ड ट्रॉनिक व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'निश्चल चेहरा' प्रयोगातून दिसते. बाळाशी खेळणारी आई काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून, हात हलवून तिला परत बोलावण्याचा प्रयत्न करते. ते निष्फळ ठरले की नजर वळवते आणि कोमेजते. आई पुन्हा बोलू लागल्यावर संवाद हळूहळू पूर्ववत होतो. ट्रॉनिक यांच्या मते दैनंदिन व्यवहारातही आई आणि बाळ यांचा मेळ वारंवार चुकतो. निर्णायक ठरते ते चुकलेला मेळ पुन्हा जुळणे, कारण आपल्या प्रयत्नाने माणूस परत येते हा अनुभव बाळाच्या कर्तेपणाचा पाया असतो.

दृष्टिहीन बालकांना चेहऱ्याचा हा आरसा उपलब्ध नसतो. सेल्मा फ्रायबर्ग यांच्या १९७७ च्या ग्रंथात अशा बालकांमध्ये 'मी' या सर्वनामाचा वापर उशिरा स्थिरावल्याची नोंद आहे. मात्र आवाज व स्पर्श यांच्या आधारे पालकांना संवाद साधण्यास मदत केल्यास नाते दृढ होते, हेही त्यांनी दाखवले.

## नात्यांच्या अभावाचे परिणाम

रेने श्पिट्झ यांनी १९४५ मध्ये दोन संस्थांमधील अर्भकांची तुलना केली. अनाथालयातील बाळांना अन्न व स्वच्छता मिळत होती, पण एकेका परिचारिकेकडे अनेक बाळे होती. तुरुंगाच्या शिशुगृहातील बाळांना त्यांच्या कैदी माता स्वतः सांभाळत होत्या. अनाथालयातील बाळांची वाढ खुंटली आणि ती निस्तेज झाली. तुरुंगातील बाळे मात्र सर्वसामान्यपणे वाढली.

रोमानियातील बुखारेस्ट येथे २००० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात संस्थांमधील १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने निवडून संगोपक कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबांत गेलेल्या बालकांची आसक्ती, भावनिक प्रतिसाद आणि बुद्धिविकास यांत सुधारणा झाली. आसक्तीच्या बाबतीत साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांना अधिक लाभ झाला. पुरेशा आहाराइतकीच ओळखीच्या, टिकून राहणाऱ्या माणसाची गरज असते, असा या दोन्ही अभ्यासांचा निष्कर्ष आहे.

## आरशाची कसोटी आणि संस्कृती

बालकाच्या नकळत त्याच्या चेहऱ्यावर रंगाचा ठिपका लावून त्याला आरशासमोर ठेवणे, ही स्व-ओळखीची प्रसिद्ध कसोटी आहे. गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये ती चिंपांझींवर आणि ब्यूला अ‍ॅमस्टरडॅम यांनी १९७२ मध्ये बालकांवर वापरली. बालकाने आरशाऐवजी स्वतःच्या चेहऱ्याला हात लावला, तर त्याला प्रतिमा ओळखता आली असे मानतात. पाश्चात्त्य शहरांतील बहुतेक बालके १८ ते २४ महिन्यांदरम्यान या कसोटीस उतरतात.

इतरत्र चित्र वेगळे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केनियातील दीड ते सहा वर्षांच्या ८२ बालकांपैकी केवळ दोघांनी ठिपक्याला हात लावला. अनेक जण आरशासमोर स्तब्ध उभे राहिले. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःची जाणीव नसते असा याचा अर्थ होत नाही. अनोळखी मोठ्या माणसांसमोर काय करावे, याविषयीची शिकवण या वर्तनात दिसते, असे अभ्यासकांचे मत आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हायडी केलर यांनी संगोपनाच्या दोन दिशा सांगितल्या आहेत. एकीत समोरासमोरची नजर, खेळणी आणि बाळाच्या पसंतीला महत्त्व असते. दुसरीत अंगाशी धरणे, हलवणे, तेल लावणे आणि इतरांच्या कलाने वागणे यांवर भर असतो. पहिलीतून स्वायत्त, तर दुसरीतून नातेसापेक्ष 'स्व' अधिक ठळक होतो. बर्लिन, दिल्ली तसेच कॅमेरून व भारत येथील ग्रामीण भागांतील बालकांचा तुलनात्मक अभ्यास केलर, योशा केर्टनर, नंदिता चौधरी व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. शहरी सुशिक्षित भारतीय कुटुंबांत या दोन्ही दिशांचे मिश्रण आढळते.

भारतातील बालसंगोपनाच्या आकलनातही मतभेद आहेत. सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये भारतीय बालपणाचे वर्णन करताना आई आणि बाळ यांच्या दीर्घ व निकट सहवासाला केंद्रस्थानी ठेवले. स्टॅन्ली कुर्ट्झ यांनी १९९२ मध्ये त्याला आव्हान दिले. एकत्र कुटुंबातील बाळ एका आईपासून वेगळे होत नाही, तर आईकडून अनेक मातृस्थानीय स्त्रियांच्या गटाकडे सरकते, असे त्यांचे म्हणणे होते. मेरी एन्सवर्थ यांनाही १९५० च्या दशकात युगांडातील अनेक बाळांची ओढ एकाहून अधिक माणसांकडे असल्याचे आढळले होते.

## मराठी कुटुंब आणि भाषा

मराठी कुटुंबांत बाळाला नाव देण्याचा मान परंपरेने आत्याचा असतो. बारशाच्या दिवशी ती बाळाच्या कानात नाव सांगते. तेलमालीश आणि अंघोळ आजी किंवा न्हाऊ घालणारी बाई करते. पाय लांब पसरून त्यांवर बाळाला आडवे घेतले जाते, त्यामुळे स्पर्श, नजर आणि बोलणे एकाच वेळी घडते. बुवाकुकचा खेळ, तळहातावर बोट टेकवून पक्ष्याला बोलावण्याचा खेळ, टाळ्या आणि पाळणागीते यांत थांबणे व प्रतिसाद देणे यांची लय असते.

भाषेच्या अंगाने मराठीत काही लक्षणीय वैशिष्ट्ये आहेत.

* नात्याने स्वतःचा उल्लेख. मोठी माणसे बाळाशी बोलताना 'मी' ऐवजी 'आई देते हं', 'आजोबा आले' असे म्हणतात. बाळालाही 'बाळाला भूक लागली' असे तृतीय पुरुषात संबोधले जाते. बोलणाऱ्यागणिक बदलणाऱ्या 'मी' आणि 'तू' यांच्या तुलनेत नाते व नाव स्थिर असते. त्यामुळे मुले प्रारंभी स्वतःचा उल्लेखही नावाने करतात.
* 'मी' आणि लिंग. 'मी जातो' व 'मी जाते' यांत क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग दाखवते. दिवसभर आईचे बोलणे ऐकणारा मुलगा 'मी येते' असे म्हणतो आणि घरातील माणसे ते दुरुस्त करतात. 'मी' म्हणायला शिकणे आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' म्हणून ओळखले जाणे येथे एकाच वाक्यात घडते.
* 'आपण' आणि 'आम्ही'. 'आपण' मध्ये ऐकणारा सामावलेला असतो. 'आम्ही' मधून तो वगळला जातो. आपल्या गटात कोण आहे आणि कोण नाही, हे ठरवल्याशिवाय मराठी मुलाला ही सर्वनामे नीट वापरता येत नाहीत.
* बदलणारे स्थान. धाकटे भावंड जन्मताच कालपर्यंतचे बाळ 'दादा' किंवा 'ताई' होते. दोन-तीन वर्षांच्या मुलाची स्वतःविषयीची ओळख एका संबोधनाने बदलते.

## पेण आणि रोहा तालुक्यांतील स्थिती

पेण तालुका गणेशमूर्तींच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असून हमरापूर, जोहे आदी गावांत घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. कुंडलिका नदीकाठच्या रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे. दोन्ही तालुक्यांत आगरी, कोळी, कुणबी, मराठा, ठाकूर व कातकरी अशा विविध समाजांची वस्ती असून भात हे मुख्य पीक आहे.

या उपजीविकांनुसार बाळाच्या भोवतीची माणसे बदलतात. घरगुती कारखान्यात काम आणि संगोपन एकाच छताखाली चालते आणि रांगते बाळ अनेकांच्या नजरेसमोर असते. मात्र रंग आणि धूळ यांपासून त्याला दूर ठेवावे लागते. भातलावणीच्या दिवसांत आई शेतात असते आणि बाळ आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे राहते. पाळीत काम करणाऱ्या कामगाराच्या विभक्त कुटुंबात दिवसभर एकटी आई असते. तिला विश्रांती देणारे दुसरे ओळखीचे माणूस जवळ नसणे, ही तेथील मुख्य अडचण ठरते.

सर्वाधिक ताण हंगामी स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांवर पडतो. काथ तयार करण्याच्या जुन्या व्यवसायावरून नाव पडलेला हा समाज केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. महाराष्ट्रातील असे इतर दोन गट कोलाम आणि माडिया गोंड हे होत. पावसाळा संपल्यानंतर अनेक कुटुंबे आगाऊ उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात आणि पुढील पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवर परततात. भट्टीवर पती-पत्नी जोडीने काम करतात. तान्हे बाळ कापडाच्या झोळीत असते आणि त्याच्याजवळ पाच-सात वर्षांचे भावंड बसते. आई दृष्टीच्या टप्प्यात असते, स्तनपानासाठी येते, रात्री बाळ तिच्या कुशीत झोपते. त्यामुळे या बाळाला नाते नाही असे म्हणता येत नाही. पण वाडीवरील आजी, शेजारीण आणि अंगणवाडीसेविका ही त्याची इतर माणसे वर्षातील अनेक महिने तुटतात. सांभाळणाऱ्या भावंडाची शाळाही त्याच वेळी सुटते.

## बालसेवा आणि धोरण

लहान भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठी मुले शाळेत येत नाहीत, या प्रश्नावर महाराष्ट्रात जुना आणि मौलिक प्रयोग झाला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाड येथे हलवण्यात आले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्यासह वारली मुलांसाठी उभारलेल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. मोठे भावंड वर्गात बसे आणि तान्हे हाकेच्या अंतरावर असे. भावंडांचे नाते न तोडता दोघांच्याही विकासाची सोय त्यातून झाली. मुलांच्या अंगणात जाऊन शिकवण्याची 'अंगणवाडी' ही कल्पनाही ताराबाईंचीच होय.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येतात, तर त्याखालील वयाच्या बालकांना घरी नेण्याचा आहार मिळतो. परिणामी स्व-जाणिवेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची पहिली तीन वर्षे दीर्घकाळ प्रामुख्याने वजन, लसीकरण आणि आहार यांपुरती पाहिली गेली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी मांडलेल्या आराखड्यात प्रतिसादशील संगोपनाला आरोग्य व पोषण यांच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले. महाराष्ट्रातील 'आरंभ' उपक्रमात अंगणवाडीसेविकांना पालकांशी बाळाबरोबर खेळणे व बोलणे यांविषयी संवाद साधण्याचे प्रशिक्षण दिले जाते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे या वयासाठी 'नवचेतना' हा आराखडा जाहीर केला. नोकरदार व मजूर मातांच्या सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांसाठी 'पाळणा' योजनेतून अंगणवाडी-सह-पाळणाघरे चालवली जातात. स्थलांतरित माता व बालकांची नोंद एका गावातून दुसऱ्या गावी पोहोचावी, यासाठी राज्याच्या महिला व बाल विकास विभागाची स्थलांतर मागोवा प्रणाली आहे.

नोंद पोहोचल्याने आहार व लस मिळू शकते. ओळखीचे माणूस मात्र नोंदीसोबत जात नाही. त्यामुळे भट्टीच्या हंगामात बाळाच्या भाषेत बोलणारी, शक्यतो त्याच वाडीतील आणि पूर्ण हंगाम टिकणारी सांभाळणारी व्यक्ती उपलब्ध असणे, हा कातकरी बालकांच्या संदर्भात पाळणाघराच्या गुणवत्तेचा महत्त्वाचा निकष ठरतो.

## हेही पाहा

* आसक्ती सिद्धान्त
* बालमानसशास्त्र
* ताराबाई मोडक
* अनुताई वाघ
* अंगणवाडी
* कातकरी
* बारसे